उसनी साक्ष

नोव्हेंबर अर्धा सरला तरी धुकं पडेना. कोठारात वाशांवर उलटी टांगलेली तंबाखू वाळून इतकी कडक झाली होती की बोट लागलं तरी पानाचा चुरा व्हायचा. बर्ली तंबाखूचं असंच असतं. हवेत ओल आली की पान एका रात्रीत चामड्यासारखं मऊ पडतं. मग ते काठ्यांवरून उतरवायचं, खोडापासून खुडायचं, खालचं, मधलं, शेंड्याचं अशा प्रती लावायच्या आणि गठ्ठे दाबायचे. ओल आली नाही तर हातावर हात ठेवून बसायचं. अमेरिकेतल्या टेनेसीच्या त्या डोंगरघळीतली सगळी माणसं तशीच बसली होती आणि दिवसातून दहादा आभाळाकडे बघत होती.

ऑर्लिना स्टॅलर्ड स्वयंपाकघरात घेवड्याचे दाणे निवडत होती. चुलीजवळच्या खुर्चीत तिची सासू झेल्फा पाय शेकत बसली होती. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि शेल्बी आत आली. ही ऑर्लिनाची नणंद. कडेवर तान्हं, मागे स्कर्टाला धरून सहा वर्षांची हार्ली.

"काय म्हणाली ती सरकारी मदतीच्या कचेरीतली बाई?" झेल्फानं विचारलं.

"शुक्रवारी लघवी द्यायला बोलावलंय."

"कुणाची?"

"माझी, आई. आणखी कुणाची?" शेल्बीनं तान्ह्याला आजीच्या मांडीवर जवळजवळ टाकलंच. "आधी प्रश्न विचारतात. नशा करता का, तीन महिन्यांत काही घेतलं का. बाई इतकी गोड बोलत होती वहिनी, मला वाटलं सांगावं. म्हणाले, हो, एकदा. शेकोटीच्या रात्री गांजाचे दोन झुरके मारले."

"विचारलं म्हणून सांगायचं?" झेल्फा ओरडली. "सगळी घळ 'नाही' म्हणते आणि पैसे घेऊन येते. त्यात निम्म्यांना नशेनं उभं राहता येत नाही! आणि आमची ही सत्यवादी!"

"आता सांगून बसले ना. लघवीत काही निघालं तर सहा महिने मदत बंद."

त्यापुढचं तिघींनाही माहीत होतं. मदत बंद म्हणजे शेल्बी राहायची त्या ओढ्याकाठच्या पत्र्याच्या ट्रेलर-घराचं भाडं नाही आणि हीटरचा गॅस नाही. पोरांचा बाप उन्हाळ्यात ओहायोला आईकडे निघून गेला होता, आणि ती आई दर रविवारी फोन करून म्हणायची, तुला जमत नसेल तर पोरं इकडे पाठव, कोर्टाचं मी बघते. कोर्टाला दाखवायला तिला थंडगार ट्रेलर पुरेसा होता.

"झुरके कधीचे?" ऑर्लिनानं विचारलं.

"दोन आठवडे झाले. म्हणतात, महिनाभर राहतं."

झेल्फा तान्ह्याला थोपटत होती. थोपटता थोपटता तिची नजर सुनेवर थांबली आणि तिथून हलेना.

"दुसऱ्याची न्यायची," ती म्हणाली. "सगळे नेतात. ओपलच्या पुतण्यानं नेली होती. छोटी बाटली, छातीशी धरून. कपाला बाहेरून पट्टी असते, अंगाइतकं ऊन असलं की ती हिरवी होते. बस. माझी दिली असती गं, पण माझ्यात अख्खं औषधाचं दुकान भरलंय. मी बॅप्टिस्ट. आमचा देव डॉक्टरकडे जाऊ देतो." मग तिनं हनुवटीनं ऑर्लिनाकडे खूण केली. "हिचा देव नाही जाऊ देत. अ‍ॅस्पिरिनसुद्धा नाही. उभ्या जिल्ह्यात हिच्याइतकी स्वच्छ लघवी कुणाची नसेल."

शेल्बीनं वर पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. "वहिनी, मी तोंडानं मागणार नव्हते. शप्पथ. ड्युईदादाला कळलं तर तो मला उभी जाळेल."

"त्याला कोण सांगतंय?" झेल्फा म्हणाली. "देवानं बाईला स्वच्छ ठेवलंय ते कशासाठी? घरच्यांच्या उपयोगी पडावं म्हणूनच ना?"

ऑर्लिनानं दाण्यांतला खडा उचलून बाजूला ठेवला. मग दुसरा शोधत बसली. तिथे दुसरा नव्हता.

"देईन," ती म्हणाली.

*

सप्टेंबरात तंबाखू टांगताना माणूस कमी पडला म्हणून ती वाशावर चढली होती, आणि झाडांनी भरलेली काठी वर घेताना पाय निसटून खाली आली. उजवा खांदा आधी आपटला. तिचा नवरा ड्युई त्यांच्या छोट्या चर्चचा डीकन, म्हणजे मंडळींचा पुढारी, आणि त्या चर्चमध्ये दुखणं प्रार्थनेनंच बरं करायचं. डॉक्टरचं नावही कुणी काढलं नाही. रविवारी मंडळींनी तिच्या कपाळाला तेल लावलं, दहा-बारा तळवे तिच्या पाठीवर टेकले, आणि प्रार्थना चालू असताना तिनं हात उचलला तर तो वर गेला. खरंच गेला. तिनं सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष दिली की प्रभूनं मला बरं केलं. त्यात खोटं काही नव्हतं. खोटं मंगळवारी सुरू झालं, जेव्हा केस विंचरायला तोच हात कानापर्यंतही जाईना.

त्या दिवशी ओपलनं पाहिलं. ओपल ही शेजारीण, तंबाखूच्या हंगामात त्यांच्या कोठारात कामाला यायची. नवऱ्याच्या पाठीच्या गोळ्या तिच्या एप्रनमध्ये असायच्या. या डोंगरात गोळी मागावी लागत नाही. कुणाचं दुखणं दिसलं की शेजारीण खिशात हात घालते, आणि नको म्हणणं म्हणजे तिच्या घरचं पाणी नाकारण्यासारखं. ऑर्लिनानं घेतली. दुसऱ्या दिवशी तिनं ओपलला अ‍ॅपल पाय भाजून नेला. पुढे रोज सकाळी एक, दुपारी एक. ओपलकडे दर आठवड्याला अ‍ॅपल पाय जाऊ लागला, आणि ड्युई म्हणायचा, शेजारधर्म शिकावा तर हिच्याकडून.

आता तिनं हिशेब केला. गोळ्या आजच बंद केल्या तर शुक्रवारपर्यंत अंगातून निघून जातील. जातील की नाही हे तिला नक्की ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना विचारता येत नव्हतं. पण तंबाखू वाळलेली होती आणि कोठार बंद. खांद्याला काम नव्हतं. बंद करायला याहून बरी वेळ मिळाली नसती. तिनं बादलीभर पाणी काढून ओट्यावर ठेवलं आणि येता-जाता पेला भरून पिऊ लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून जांभया सुरू झाल्या. एक संपायच्या आत दुसरी, जबडा दुखेपर्यंत. नाक गळू लागलं. संध्याकाळी चुलीसमोर बसूनही हातांवर काटा उभा राहिला. पाय एका जागी ठरेनात. मांडीच्या आत कुणीतरी दोरी ओढतंय असं वाटायचं. पोटात मुरडा आला की ती मागच्या दारानं बाहेर जायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, सरपण बघते.

आणि खांदा. दोन महिने गोळीखाली दबून राहिलेला खांदा आता सव्याज बोलू लागला. मक्याचा पाव भट्टीतून काढताना तवा सुटला आणि पाव जमिनीवर उलटा पडला.

"फ्लू दिसतोय," ड्युई म्हणाला. तो उंच, हाडकुळा माणूस. बोलण्याआधी नेहमी घसा खाकरायचा. त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला. "घाम केवढा आलाय. प्रार्थना करू या?"

"नको. आपोआप जाईल."

त्याला तिचं 'नको' नवीन होतं. तो खाली वाकून पाव गोळा करू लागला. झेल्फा खुर्चीतून सगळं पाहत होती. ड्युई बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "पोरीसाठी किती जीव जाळतेस गं. एवढी भीती वाटतेय का तुला? अगं, बाटलीच तर भरायची आहे."

"हो आई."

"सख्खी बहीण करणार नाही एवढं." असं म्हणून म्हातारीनं तिच्या गालावरून हात फिरवला. अकरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

*

गुरुवारी पहाटे ड्युईनं तिला हलवून उठवलं. "उठ. ओल आली."

खिडकीबाहेर काहीच दिसत नव्हतं. कुंपण नाही, ट्रक नाही. धुकं दाराला येऊन टेकलं होतं. एरवी ती आनंदानं उठली असती.

कोठारात तंबाखूचा गोडसर, आंबूस वास दाटला होता. पान हातात घेतलं की रेशमासारखं मिटायचं आणि सोडलं की उलगडायचं. दुपारनंतर वारा फिरणार असं रेडिओवर सांगत होते. तोवर जेवढं उतरेल तेवढंच आपलं, बाकीचं पुन्हा वाळून बसणार. ड्युई वाशावर चढून काठ्या सोडवू लागला आणि खाली ऑर्लिना त्या झेलू लागली. दोन्ही हात डोक्यावर करून काठी घ्यायची, वळायचं, ढिगावर ठेवायची. एका काठीला पाच-सहा झाडं, आणि ओल धरल्यावर तेच वजन दुप्पट. तिनं डाव्या हातानं भार घ्यायला सुरुवात केली. उजवा नुसता लावायचा.

मग एक काठी तिरकी आली. तिनं सवयीनं उजवा हात पुढे केला. खांद्यात काहीतरी कळकासारखं उकललं. काठी हातातून सुटली, झाडं जमिनीवर पसरली आणि तोल सावरताना तिचाच बूट पानांवर पडला.

"अगं, अगं!" ड्युई वरून हसला. हसणं मायेचं होतं. "देवानं बरा केलेला हात तो. भितेस कशाला? टाक भार त्याच्यावर."

"टाकते," ती म्हणाली. ओठ आतून चावल्यामुळे तोंडात रक्ताची चव आली होती.

खुडायच्या खोलीत ओपल बाकावर बसली होती, बोटं तंबाखूच्या चिकानं डांबरासारखी काळी झालेली. ऑर्लिना शेजारी टेकली तेव्हा तिचे दात वाजत होते.

"सोडलीस का?" ओपल मान वर न करता म्हणाली. "वेडी. अशी एकदम सोडतात का कुणी? माझ्या नवऱ्यानं एकदा सोडून पाहिली, भिंतीला डोकं आपटायचा."

"उद्यापर्यंत तरी..."

"उद्या काय आहे?"

ऑर्लिनानं पुढचं पान खुडायला घेतलं.

"अर्धी घे. अर्ध्यात काय असतं? मुंगीचं पाऊल." ओपलनं दातानं गोळी मोडली आणि अर्धा तुकडा बाकावर, पानांच्या मधोमध ठेवला. पलीकडून ड्युईची हाक आली. अजून अर्धं कोठार बाकी होतं. धुकं पातळ होऊ लागलं होतं, फटींतून उजेडाच्या रेघा दिसायला लागल्या होत्या.

ऑर्लिनानं तुकडा उचलला. चिकाळलेल्या बोटांना तो इतका चिकटला की जिभेनं सोडवावा लागला.

अर्ध्या तासात हात वर गेला. वारा फिरायच्या आत त्यांनी सगळं कोठार उतरवलं. तिनं मधे मधे थांबून नऊ-दहा पेले पाणी प्यायलं, आणि प्रत्येक पेल्याबरोबर स्वतःला सांगितलं: अर्धीच होती.

*

शुक्रवारी सकाळी झेल्फा न्हाणीघराच्या दाराशी उभी होती. ऑर्लिनानं बाटली दिली तेव्हा म्हातारीनं ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली.

"सोनं आहे गं, सोनं!"

"आई," ऑर्लिना म्हणाली.

"काय?"

अंगणात ट्रकचा हॉर्न वाजला. शेल्बीनं चर्चला जातानाचा एकुलता एक चांगला कोट घातला होता. पोरं ओपलच्या घरी ठेवली होती. तिनं बाटली कोटाच्या आत सरकवली, वहिनीच्या गळ्यात पडली आणि तिच्या कानात म्हणाली, "आयुष्यभर विसरणार नाही."

"काय म्हणत होतीस?" झेल्फानं ट्रकमध्ये चढता चढता विचारलं.

"काही नाही. घसरण आहे, हळू चालवा."

ट्रक वळणाआड गेल्यावरही ती अंगणातच उभी होती. धावत गेली असती तर फाटकाशी गाठता आला असता. तिनं तसं मनात म्हटलं आणि पाय हलले नाहीत.

त्या परत आल्या तेव्हा ड्युई जेवायला बसला होता. शेल्बी आत आली आणि दाराला टेकून उभी राहिली. झेल्फाचं तोंड ट्रकपासूनच चालू होतं.

"तिथल्या तिथे दाखवतात. कपातच पट्ट्या! सगळ्यांसमोर ती पोरगी म्हणते, मॅडम, हिच्यात गोळ्या आहेत. गोळ्या! माझ्या पोटची पोर!"

ड्युईच्या हातातला चमचा थांबला. "कसल्या गोळ्या?"

"त्याच. दुखण्याच्या. अर्धी घळ ज्यात बुडाली त्याच."

"मी गोळ्या खात नाही," शेल्बी म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता.

"मग कपात कुठून आल्या? उडत?" झेल्फाला पुढचं ड्युईसमोर बोलता येत नव्हतं. ती शेल्बीच्या दंडाला धरून दात-ओठ खात कुजबुजली, पण खोली एवढीशी, सगळं ऐकू आलं. "सांडलीस ना ती बाटली? सांडलीस आणि स्वतःची दिलीस!"

"आई, गांजा नाही निघाला." शेल्बी ऑर्लिनाकडे बघत होती. "माझी असती तर गांजा निघाला असता. गांजा नाहीच. नुसत्या गोळ्या."

झेल्फाला ते उमगलं नाही. ड्युईला बाटलीचंच काही माहीत नव्हतं. शेल्बीला उमगलं होतं. तिनं ऑर्लिनावरची नजर काढून घेतली नाही.

ड्युईनं खुर्ची मागे सरकवली आणि घसा खाकरला. "मी पुष्कळ पाहिलंय हे. आधी खोटं, मग चोरी, मग पोरं उपाशी. पोरं या असल्या घरात राहायची नाहीत. तो ओहायोचा नंबर दे, शेल्बी. मी बोलतो त्यांच्याशी."

"दादा, नको."

"नंबर दे."

"दादा, पाया पडते तुझ्या." शेल्बी अजूनही ऑर्लिनाचं नाव घेत नव्हती. ती घेईल म्हणून ऑर्लिना थांबली होती. कुणीतरी आपल्यावर आळ घ्यावा आणि आपण नुसती मान हलवावी, एवढं सोपं तिला हवं होतं. ड्युईनं भिंतीवरचा फोन उचलला.

"ती माझी होती," ऑर्लिना म्हणाली.

"काय तुझं होतं?"

"लघवी. बाटलीत भरून मी दिली. तिची नाहीच ती. गोळ्या मी घेते. सप्टेंबरपासून."

फोनमधून लांबलचक सूर येत राहिला. ड्युईनं तो खाली ठेवला.

"तुझा खांदा बरा झाला होता," तो म्हणाला. "मी तिथे होतो. हात ठेवला होता मी."

"रविवारी झाला होता."

झेल्फा स्टुलावर बसली. "आणि मी सोनं म्हणाले," ती पुटपुटली.

ड्युईनं टोपी घेतली. "चला. आत्ता जाऊन कचेरीत खरं सांगायचं."

"आणि काय सांगशील?" झेल्फा उसळली. "की पोरीनं सरकारला दुसऱ्याचं मूत दिलं? मग मदतही गेली, पोरंही गेली आणि ही तुरुंगात! ते म्हणतात, गोळ्या निघाल्या तर उपचाराला या. डोंगरापलीकडे, आठवड्यातून दोनदा. नीट आली तर मदत चालू राहील. गप्प बस, डीकन. एकदा तरी गप्प बस."

ड्युई टोपी हातात धरून उभा राहिला. त्याचा चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा दिसत होता. मग तो दार न लावता कोठाराकडे गेला, आणि थोड्या वेळानं गठ्ठे दाबायच्या यंत्राचा आवाज येऊ लागला. त्या दिवशी खुडून झालेल्या पानांचे सगळे गठ्ठे त्यानं एकट्यानं दाबले. पुढच्या रविवारी साक्षीची वेळ आली तेव्हा त्यानं पहिल्या बाकापासून एकेकाकडे पाहत साक्षीला उठवलं आणि बायकोचा बाक आला की नजर पुढे नेली. मंडळींना काही माहीत नव्हतं. तरी शेजारची बाई जरा सरकून बसली.

*

ट्रक ऑर्लिना चालवत होती, डाव्या हातानं. उजवा मांडीवर पडलेला. घाटात बर्फाचा पहिला भुरका पडला होता. शेल्बी त्या शुक्रवारपासून तिच्याशी बोलली नव्हती. पोरं ओपलकडे पोहोचवताना, ट्रकमध्ये बसताना, अर्धा घाट चढेपर्यंत, एक शब्द नाही.

"तिथे गोल बसवतात," शेवटी ती म्हणाली. काचेकडे बघत. "प्रत्येकानं आपलं सांगायचं. मी मागच्या वेळी म्हणाले, मी खात नाही. तर ती बाई म्हणते, नाही म्हणणं हेच या आजाराचं लक्षण. दोनदा असंच बसलीस तर सहकार्य नाही असं कळवावं लागेल."

"मग?"

"मग आज मला गोळ्या खाव्या लागणार. नुसत्या बोलण्यात." ती कोरडं हसली. "मला काय माहीत गं कसं असतं ते! समोर बसलेले सगळे खाऊन आलेले. एका वाक्यात ओळखतील."

ऑर्लिनानं गिअर बदलला. त्यासाठी तिला स्टिअरिंग गुडघ्यानं धरावं लागलं.

"सांग मला," शेल्बी म्हणाली. "सगळं सांग. पहिल्यापासून."

"पडले होते. खांदा दुखत होता."

"असं नाही वहिनी. हे तर कुणीही सांगेल. पहिली घेतलीस तेव्हा काय झालं?"

समोरचा वायपर अडकत, खरवडत फिरत होता.

"ऊब आली," ती म्हणाली. "आधी पोटात, मग मानेच्या मागे. खांदा दुखतच होता, पण तो दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा. मी त्या दिवशी गाणं म्हणत काम करत होते. ड्युई म्हणाला, देवाचा आनंद चढलाय तुला. मला वाटलं, कदाचित हाच असेल."

शेल्बीचे ओठ हलत होते. ती पाठ करत होती. "ऊब. मानेच्या मागे. मग?"

"मग दुखायच्या आधीच घ्यायला लागले. दुखेल म्हणून. मग दुखत नव्हतं तेव्हाही. चर्चमध्ये उभं राहताना. सासूबाई लागेल असं बोलल्या की. सकाळी डोळा उघडला की आधी एकच विचार, ओपल आज येईल ना? देवाचं नाव त्याच्यानंतर." तिनं वळणावर वेग कमी केला. "त्या सकाळी तुझा ट्रक निघाला तेव्हा मला थांबवता आलं असतं. मी नाही थांबवलं. तुझी पोरं जातील हे दिसत होतं, तरी नाही. हे पण सांग तिथे. पोरांच्या जागी दुसरं काहीतरी घालून सांग."

शेल्बीनं पहिल्यांदा तिच्याकडे मान वळवली. घाट संपत आला होता. खाली त्या गावाचे पत्रे दिसू लागले होते, आणि उपचाराच्या त्या बैठ्या इमारतीपुढे दोन-चार माणसं सिगारेटी ओढत उभी होती.

"आणि शेवट?" शेल्बीनं विचारलं. "त्यांना शेवट लागतो. शेवटची कधी घेतली म्हणून सांगू?"

ऑर्लिनानं ट्रक कडेला घेतला आणि इंजिन बंद केलं. उजवा हात मांडीवरच होता.

"आज सकाळी," ती म्हणाली.